ऑकलंड ते मुंबई, बारा हजार तीनशे किलोमीटर

ऊन आधी भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला आले. समोरच्या इमारतीच्या कठड्यावरून सूर्य वर सरकला की आमच्या ऑफिसच्या खिडकीतून पहिली पट्टी आत येई, ती छताला लागून, हातभर लांब आणि बोटभर रुंद. काही काळ ती तिथे नुसती असे. मग खाली उतरू लागे, इतक्या संथपणे की बघत राहिले तर हलताना दिसत नसे, आणि नजर काढली तर उतरलेली असे. त्या रविवारी मी नजर काढली नाही. ऊन घड्याळावर आले तेव्हा काचेवरच्या बोटांचे जुने ठसे उमटले. त्याखाली एक फळा होता. त्याच्या लाकडी चौकटीवरची धूळ आधी सोनेरी झाली, मग पुन्हा धूळ झाली. ऊन अक्षरांपर्यंत पोचले. लंडन, टोरांटो, सिडनी अशा ओळी एकेक करून उजळत गेल्या. त्या उजळण्याला काही अर्थ नव्हता, कारण मे महिन्यात ते रोजच घडत होते. सर्वांत खालची ओळ ऑकलंडची. तिथपर्यंत ऊन यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत संगणकाच्या पडद्यावर सिंगापूरहून आलेल्या विमानापुढे 'उतरले' असा शब्द येऊन गेला होता.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सांगलीतल्या गणपती पेठेत, पहिल्या मजल्यावरच्या एका प्रवासी कंपनीत विमानांची तिकिटे काढत होतो. फळा मीच रंगवून घेतला होता. ज्यांची मुले परदेशी आहेत असे आईवडील येत, तिकीट काढत नसत, फक्त विचारत, "किती लांब आहे हो?" मालकांनी कंटाळून सांगितले की एकदाच लिहून टाक. म्हणून मुंबईपासून चाळीस शहरांच्या विमानतळांची अंतरे आणि लागणारा वेळ मी लिहून टाकला. तरी लोक येत आणि फळ्यासमोर उभे राहून मलाच विचारत.

फोन वाजला. फोनवर 'हॅलो' म्हणण्याची कुमुदआत्यांना सवय नव्हती.

"उतरलं काय रे?"

"उतरलं. पाच पन्नासला."

"मग हृषी कुठाय?"

"पासपोर्टच्या रांगेत असेल."

"रांगेत कशाला? म्हणावं, बहिणीचं लग्न आहे."

"तिथं प्रत्येकाचं काहीतरी असतंच, आत्या."

"तू फार शहाणा. किती वाजता पोचेल ते सांग."

"दोनला दहा कमी."

कुमुदआत्या म्हणजे अप्पा इनामदारांची धाकटी बहीण, आणि वहिनी गेल्यापासून त्या घराच्या कर्त्या. अप्पांची मुलगी ऋजुता हिचे त्या दिवशी बारा सत्तावीसला लग्न होते, आणि अप्पांचा मुलगा हृषीकेश ऑकलंडहून निघून आदल्या दुपारीच सांगलीत पोचायचा होता. ऑकलंडला धुके पडले, विमान चार तास जमिनीवर राहिले, सिंगापूरचे पुढचे विमान हुकले. तिकीट मी काढले होते. धुक्याचा विचार मी केला नव्हता.

"लाजाहोम सव्वाला," कुमुदआत्या म्हणाल्या. "ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो. जावयाचा कान पिळायलाही भाऊच लागतो."

"माहीत आहे."

"तो पोचला नाही तर तू उभा राहायचंस."

खिडकीबाहेर कुणीतरी शटर वर ओढत होते. मी म्हणालो, "तिचा मामेभाऊ आहे की."

"त्याच्या बायकोला गुरुवारी मुलगी झाली. सोयर आहे त्याला. होमाजवळ येता यायचं नाही."

"आणखी कुणी?"

"आणखी कुठून आणू? अप्पांना भाऊ नाही, बहीण मी एकटी, आणि मला मूलबाळ नाही. दुकानात मिळत नाहीत भाऊ."

"पण मी भाऊ नाही, आत्या."

"मग कोण आहेस?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"मी तिकिटं काढतो," मी म्हणालो.

"अंघोळ करून, धुतलेला झब्बा घालून नऊला कार्यालयात ये," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला चारचौघांत उभे राहायला आवडत नाही. शाळेत प्रार्थना सांगायची माझी पाळी आली की मला ताप येई आणि तो खरा असे. त्यामुळे हृषीकेश वेळेवर पोचावा असे मला वाटणे स्वाभाविक होते, आणि सर्वांना ते तसेच वाटले.

ऋजुता पहिल्यांदा ऑफिसात आली ती त्याआधी चार वर्षे, हृषीकेश मी काढलेल्या तिकिटावर ऑकलंडला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. फळ्यासमोर न जाता थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझा भाऊ आत्ता किती लांब आहे?"

"ऑकलंड ते मुंबई, बारा हजार तीनशे किलोमीटर."

"आणि वेळ?"

"थेट विमान असतं तर पंधरा तास. नाही म्हणून वीस-बावीस. कधी जास्त."

"म्हणजे लांब आहे म्हणून नाही, थेट नाही म्हणून वेळ लागतो."

तिकिटांच्या धंद्यात इतके नेमके कुणी बोलत नाही. पुढे ती महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिली, कधी अप्पांच्या कामासाठी, कधी काम नसताना. आल्यावर ती दोन शहरे सांगे, जिथे आम्ही दोघेही कधी जाणार नव्हतो. "लिमा ते ऑस्लो?" मी म्हणे, "अकरा हजारांच्या थोडं वर." ती हसे. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी नकाशा उघडून बसे आणि ती पुढच्या वेळी काय विचारेल त्याचा अंदाज घेत राही. चार वर्षांत माझे उत्तर एकदाच चुकले.

साडेसहाच्या आत हृषीकेशचा फोन आला. विमानात झोप न झालेल्या माणसाचा आवाज होता.

"सुबोध, बाहेर पडलो रे पासपोर्टातून. बॅगांची वाट बघतोय."

"किती बॅगा?"

"दोन. ऋजूसाठी आणलेलं सगळं त्यातच आहे."

"सोडून दे."

"काय?"

"तिथल्या माणसाकडे नोंद कर आणि बाहेर ये. मी बुधवारपर्यंत मागवून घेतो. गाडी बाहेर उभी आहे. सरळ निघ, चहालाही थांबू नकोस."

"अरे, पण..."

"वीस मिनिटं वाचतात."

"तुझं डोकं तिकडं चांगलं चालतं," तो म्हणाला. "तू होतास म्हणून बरं."

तीनशे नव्वद किलोमीटर, सात तास. आता तो एक पंचवीसला पोचत होता. दहा मिनिटे मला कुठूनतरी आणायची होती. ती मी आणीन असे मला वाटले. घरी जाऊन मी अंघोळ केली आणि झब्बा घातला. झब्बा घातला म्हणजे मी तयार आहे असे नव्हे, एवढे मनाशी स्पष्ट करून घेतले.

कार्यालयात अप्पा दाराशीच उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक, उंच, आणि त्या दिवशी अंगावरच्या नव्या कोटात किंचित हरवलेले. येणाऱ्या प्रत्येकाकडे ते तो हृषीकेश असू शकेल अशा आशेने बघत, मग नमस्कार करत.

"सुबोध, कुठवर?"

"खंडाळा ओलांडला, अप्पा."

"बरं." त्यांनी घड्याळ पाहिले. "हिची आई असती तर म्हणाली असती, मुहूर्त काढतानाच विमानाचं विचारायचं होतं."

नवरामुलगा अभिराम नाशिकचा, कारखान्यात इंजिनिअर. तो स्वतःहून येऊन माझ्याशी बोलला. तो भला माणूस होता; तक्रार करता येईल असे त्याच्यात काही नव्हते, आणि मी लक्षपूर्वक पाहिले होते.

"तुम्हीच का ते अंतरवाले?" त्याने विचारले. "ऋजुता सांगते तुमच्याबद्दल. नाशिक ते सांगली विमानानं किती?"

"विमान नाही."

"तरी?"

"साडेतीनशेच्या थोडं वर."

"ऐकलंस का?" तो आपल्या मित्राला म्हणाला. "पुस्तक न बघता!"

अकराला ऋजुता पिवळ्या साडीत गौरीहराच्या खोलीतून बाहेर आली. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला मुंडावळ्या. मला बघून ती भिंतीशी थांबली.

"दादा कुठपर्यंत आला?"

"सातारा."

"म्हणजे होईल वेळेत?"

"होईल."

"नाही झालं तरी..."

"होईल," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितले. काही बोलणार होती. तेवढ्यात कुमुदआत्यांनी हाक मारली आणि ती बांगड्या सावरत गेली.

बाराला दहा कमी असताना कराडच्या अलीकडे गाडीचे चाक पंक्चर झाले. हृषीकेशने सांगितले, ड्रायव्हर बदलतो आहे, पंधरा मिनिटे. मी मनात आकडे मांडले. एक चाळीस. लाजाहोम सव्वाला. आता पंचवीस मिनिटे हवी होती, आणि ती मुंबईच्या रस्त्यावर उरली नव्हती. ती कार्यालयातच शोधायला हवी होती.

मुहूर्ताला हात लावता येत नाही. बारा सत्तावीसला अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, माळा पडल्या, वाजंत्री वाजली. मी अक्षता टाकल्या की नाही ते आठवत नाही. वाजंत्री थांबल्यावर मूठ उघडली तेव्हा काही तांदूळ हाताला चिकटलेले होते. त्यानंतर मात्र मी कामाला लागलो. फोटोग्राफरकडे जाऊन म्हणालो, नाशिकच्या प्रत्येक घराचा वेगळा फोटो हवा, अप्पांची इच्छा आहे. अप्पांची अशी काही इच्छा नव्हती. नाशिकच्या एका मावशींना गाठून विचारले की तुमच्याकडे उखाणे घेण्याची पद्धत आहे का. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे? अहो, आमच्याकडे उखाण्यावाचून पाणीसुद्धा देत नाहीत!" आणि त्यांनी अकरा बायकांना उभे केले. सातव्या उखाण्यात यमक जुळेना, तेव्हा पुन्हा सुरुवातीपासून घ्या असे मीच सुचवले. त्या अर्ध्या तासात मी जितक्या अनोळखी माणसांशी बोललो तितक्यांशी त्याआधीच्या वर्षभरात बोललो नव्हतो.

कुमुदआत्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "चांगला धीट झालास की रे."

"हृषी एक चाळीसला पोचतोय."

"एवढा कशाला जीव टाकतोस? तू आहेस ना."

तेवढ्यात गुरुजी बोलले. ते होमकुंडाजवळ पळी आपटत होते. "मंडळी, मला चारला मिरजेत साखरपुडा आहे. उखाण्यांना मुहूर्त लागत नाही, होमाला लागतो. वधूवरांना घेऊन या."

कन्यादान झाले, होम पेटला. धुराने अप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, किंवा धुराने नव्हे. एक तीस. एक पस्तीस. माझ्या हातात कुमुदआत्यांनी लाह्यांचे सूप दिले. लाह्या इतक्या हलक्या होत्या की सूप रिकामे असल्यासारखे वाटत होते.

"वधूचा भाऊ कुठाय?" गुरुजींनी विचारले.

त्याच वेळी दारात गलका झाला. हृषीकेश आला होता. पाठीला एक पिशवी, चुरगळलेला शर्ट, गालांवर दोन दिवसांची दाढी. एक एकोणचाळीस. अप्पा खुर्चीतून उठले आणि उठल्यावर काय करायचे ते त्यांना सुचेना. नाशिकच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात कुणालाही पाहून इतका आनंदित झालो नव्हतो. सूप घेऊन मी त्याच्याकडे चार पावले गेलो आणि ते पुढे केले.

"आला!" मी म्हणालो. "घे."

हृषीकेशने हात पुढे केले.

"दादा," होमापासून ऋजुताचा आवाज आला, "पारोसा आहेस तू."

सगळे थांबले. हृषीकेशने स्वतःकडे पाहिले. ऑकलंडहून निघाल्यापासून त्याने अंघोळ केलेली नव्हती. मी धुके सोडून सगळे धरले होते: रांग, बॅगा, घाट, टोलनाके, चाक, उखाणे. अंघोळ धरली नव्हती.

"खरंच की," कुमुदआत्या म्हणाल्या. "पारोशानं होमाजवळ कसं चालेल?"

"पाच मिनिटांत येतो," हृषीकेश म्हणाला. "वर खोलीत पाणी असेल ना?"

"पाणी आहे," मी घाईने म्हणालो. "गरमही आहे. मी बघून आलोय."

मी बघून आलो नव्हतो.

गुरुजींनी घड्याळ पाहिले, हृषीकेशकडे पाहिले, आणि त्यांच्यातला माणूस मिरजेच्या साखरपुड्यावर मात करून वर आला. "थांबू या पाच मिनिटं. इतक्या लांबून आलाय पोरगा."

"नको, गुरुजी," ऋजुता म्हणाली. ती अजिबात मोठ्याने बोलली नाही. "दादा, तू बस. दमलास. सुबोध घालेल."

"अगं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे," अप्पा म्हणाले.

"सुबोध घालेल, अप्पा."

मी हृषीकेशकडे बघितले. तो हसला आणि त्याने सूप हलकेच माझ्याकडे ढकलले. "जा रे. तूच सगळं केलंयस."

मी गेलो. होमाच्या एका बाजूला ऋजुता उभी, तिच्या ओंजळीखाली अभिरामची ओंजळ. गुरुजींनी सांगितले तसे मी तिच्या ओंजळीत आधी तूप सोडले, मग लाह्या घातल्या. ओंजळ अग्नीवर रिकामी झाली, लाह्या फुटल्याचा बारीक आवाज आला. पुन्हा घातल्या. पुन्हा. तीन वेळा. प्रार्थनेच्या वेळी आलेला ताप या वेळी आला नाही, आला असता तर बरे झाले असते.

"आता कान," गुरुजी म्हणाले.

"किती जोरात?" मी कुमुदआत्यांना विचारले.

"लक्षात राहील इतका."

मी अभिरामचा उजवा कान धरला आणि पिळला. मंडळी हसली. तो आधी हसला, मग म्हणाला, "मेहुणेबुवा, बास." मग म्हणाला, "अहो, बास की." मंडळी आणखी हसली. मी सोडला. कान बराच वेळ लाल होता. त्याच्या आईने माझ्या हातात शर्टाचे कापड आणि नारळ ठेवला, आणि म्हणाली, "भाऊ कडक आहे हो मुलीचा."

जेवणाच्या शेवटच्या पंगतीला मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो होतो. हृषीकेश अंघोळ करून, अप्पांचा सदरा घालून वरच्या खोलीत गाढ झोपला होता. त्याच्या हिशेबाने तेव्हा रात्रीचे दहा वाजत होते. वधूवर आग्रह करत फिरत होते. अभिरामला त्याच्या मित्रांनी मागेच अडवून धरले होते. ऋजुता जिलेबीचे ताट घेऊन एकटीच माझ्यापर्यंत आली.

"एकच," मी म्हणालो.

तिने दोन वाढल्या.

"रागावलास?"

"कशाबद्दल?"

"दादाला अंघोळीला पाच मिनिटंच लागली असती."

"हो."

"मी थांबले असते तर तू पळून गेला असतास."

मी जिलेबीचा तुकडा मोडला. तो खाल्ला नाही.

"आज सकाळी सांगणार होते तुला," ती म्हणाली, "दादा वेळेत आला तरी लाह्या तूच घाल. ऐकून घेतलं नाहीस."

"मला चारचौघांत..."

"माहीत आहे. घरात तर चारचौघं नसतात ना? चार वर्षं बोलावतेय भाऊबीजेला. दर वर्षी पाट मांडते, ताम्हण लावते, अप्पा जेवायचे थांबतात. एकदाही आला नाहीस तू."

"ऑफिस असतं ना."

"हो. सांगतोस तसं." तिने आणखी एक जिलेबी माझ्या पानात ठेवली आणि शेजारच्या गृहस्थांकडे वळली. "काका, तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

ती आता नाशिकला असते. दिवाळीच्या आधी तिचा फोन येतो आणि मी तेच उत्तर देतो. त्या दिवसांत परदेशातून येणाऱ्यांची गर्दी असते, तारखा बदलायच्या असतात, कुणाचे पुढचे विमान हुकलेले असते; हे सगळे खरे आहे आणि मी ते अनेकांना पटवून दिले आहे.

भाऊबीजेला आमचे ऑफिस बंद असते.